मागचे चार फूट

प्रतापनगरच्या वर्कशॉपातून मी रिटायर झालो
त्याच साली शेजारी दक्षिणेला चार मजले चढले
आणि आमच्या मागच्या अंगणातलं ऊन गेलं.
अंगण कसलं, चार फूट रुंद,
नॅरोगेजच्या डब्याहूनही अरुंद.
गुलाब गेले. मोगऱ्यानं कळी धरणं सोडलं.
उरलं भिंतीवरचं शेवाळ,
आणि तिसऱ्या मजल्यावरून पडणारे
मृदुलाबेनचे कपडे.

एक मोजा. चिमटे. एकदा उशीचा अभ्रा.
मी काठीच्या टोकानं उचलायचो,
फाटकाला अडकवायचो, बोलायचो नाही.
अकरा वर्षं.

हयातीच्या दाखल्यासाठी नानजी राठवा आला,
छोटाउदेपूर लाइनवरचा माझा जुना गँगमन.
हात धुवायला मागं गेला, तिथंच उभा राहिला.
म्हणाला, साहेब, एवढी चांगली सावली
अशी रिकामी ठेवली?

पुढच्या खेपेला पंचात गुंडाळून आणल्या
सात गाठी, गोट्यांएवढ्या, मातीसकट.
त्याच्या बांधावर रस्ता रुंद होत होता.
भुईचाफा, साहेब. कुंडी नको.
आमच्या महुड्याखाली असतो तसा राहू दे.
पानं पडतील ती झाडू नका.
आणि मातीवर काही दिसेनासं झालं
की पाणी बंद. झोपू दे त्याला.

पावसाळ्यात पानं आली,
वरून हिरवी, चांदीच्या फटकाऱ्याची,
खालून जांभळी. कार्तिकात पिवळी पडून गेली.
आता झोपू द्यायचं होतं.
पण अडतीस वर्षं मी गाड्या वेळेवर सोडलेल्या,
उभ्या गाडीकडं नुसतं बघत बसणं
मला कुणी शिकवलं नव्हतं.
रोज एक तांब्या. मंदाकिनीची नजर चुकवून.
माघात बोटानं उकरलं तर
सात गाठींतल्या पाचांचा लगदा,
बोटाला सडक्या आल्याचा वास.

मंदाकिनी काही बोलली नाही.
भिंतीवर खडूनं बाण काढला,
खाली लिहिलं, येथे पाणी टाकू नये,
आणि तांब्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

आणखी एक वर्ष गेलं.
आसोपालवाची पानं साचत राहिली, कुजत राहिली,
एक बेडूक मुक्कामाला आला.
खडूचा बाण पुसट झाला, तिनं पुन्हा गिरवला.

वैशाखात, सकाळी, वरून हाक आली:
काका, मारो रुमाल पडी गयो लागे छे,
धोळो, जांबली कोरवाळो!
मी काठी घेऊन निघालो, सवयीनं कपाळाला आठी.

बाणाच्या खाली, भेगाळल्या जमिनीवर,
देठ नाही, पान नाही,
कुणी अलगद ठेवून गेल्यासारखं
पांढरं, आणि मधे जांभळी, दुभंगलेली जीभ.
काठीचं टोक वीतभर अंतरावर थांबलं.
वास आला तेव्हा मी खाली बसलो,
गुडघ्यांनी तक्रार केली ती ऐकली नाही.

वर बघून म्हणालो, तुमचा नाही हा.
मग काय आहे ते सांगायला
मराठी आठवेना, गुजराती आठवेना.
हातानंच बोलावलं.

ती ओला हात पदराला पुसत आली,
पहिल्यांदाच, मागच्या फाटकानं,
ज्याला तिचे मोजे लटकायचे.
मंदाकिनीनं खुर्ची आणली, कुणी बसलं नाही.
तिघंही वाकून, शाळेतली पोरं
मुंगळ्याभोवती वाकतात तशी.

दुपारी त्याचा ओला कागद झाला.
मृदुलाबेन गॅलरीतून म्हणाली,
संपलं? मी म्हणालो, नाही,
शेजारी दुसरं टोक वर आलंय, उद्या फुलेल.
किती वाजता?

सहा वीस, असं तोंडात आलं होतं.
गिळलं.
म्हणालो, सांगता येत नाही.
लवकर उठून बघा.